कोरी बाटली

३ फेब्रुवारी, मंगळवार

घरं सोळा आणि बाटल्या सतरा. सतरावी कशाला, असं विचारलं. तिने समजावलं – चांगलं पाच मिनिटं समजावलं – आणि मी तिच्या अंगठ्यावरचा शाईचा डाग बघत उभा राहिलो. डोक्यात शिरलं ते एवढंच : सतराव्या बाटलीत प्रयोगशाळेतलं शुद्ध केलेलं पाणी असतं. ती बाकीच्यांबरोबर नुसती फिरून येते. शेवटच्या गल्लीत एकदा उघडायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, झाकण लावायचं, परत आणायची. तिला 'कोरी' म्हणतात. "हीच आपली साक्षीदार" की असंच काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

काम बाबांनी लावून दिलं. ती पीएचडीसाठी नळाच्या लाइनीचा नकाशा मागायला पाणीखात्यात गेली होती. बाबा तिथे व्हॉल्व्हच्या चाव्या ठेवायला गेलेले. वीस वर्षं या लाइनीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस, त्यांनाच तिने विचारलं, पाण्याचे नमुने गोळा करायला कोणी मुलगा मिळेल का. बाबा म्हणाले, "आमचा आहे की. रिकामाच असतो."

रिकामाच! तिच्यासमोर!

असो. बाबा, या एका वाक्यासाठी तुम्हाला सगळं माफ.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी सहाला येतं, आठला जातं. तेवढ्यात सोळा नळ. टाकीपाशी एक नंबर, तिथून उतारावर सरळ, आणि सगळ्यात शेवटी, लाइनीच्या शेपटाला, ती बोळासारखी गल्ली – चौदा, पंधरा, सोळा आमच्या यादीतले, आणि बाकीची डझनभर घरं बिनयादीतली. प्रत्येक ठिकाणी नळ एक मिनिट सोडायचा, बाटली भरायची, आत बोट लागू द्यायचं नाही, बर्फाच्या खोक्यात ठेवायची. शिवाय एका काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं झालं म्हणजे टाकीत टाकलेलं औषध, क्लोरीन, तिथवर पोचलंय. टाकीपाशी पिवळंधमक होतं. शेपटाला नुसता पिवळ्याचा भास.

चौदा नंबरात शिंपीकाका राहतात. शाळेचे गणवेश शिवतात, घरभर निळ्या चड्ड्या टांगलेल्या. मला बघून म्हणाले, या पाणीवाले साहेब. मी नळाशी वाकलो तर मागून, "साहेब, खिसा फाटलाय. अक्कल गळून जाईल." उभ्या उभ्या शिवून दिला. काकूंनी विचारलं, पाणी चांगलं आहे ना रे? म्हटलं, निकाल यायचाय, पण आता तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत ना.

आम्ही! ऐट बघा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

"मॅडम म्हणू नकोस रे, म्हातारं झाल्यासारखं वाटतं." मग म्हणू काय? नावाने हाक मारायला जीभ रेटेना. ताई तर मेलो तरी म्हणणार नाही. शेवटी बर्फ संपला तेव्हा तोंडातून निघालं – "अहो". अख्खी प्रयोगशाळा हसली. ती पण.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोगशाळेत एक चष्मेवाला आहे. तिच्या पुढचा, प्रबंध लिहून झालेला. तिचे तक्ते तपासून देतो. तपासताना खुर्ची ओढून अगदी शेजारी. एवढं काय दिसत नाही त्याला, चष्मा असून?

आज मला म्हणाला, तू इंजिनिअरिंग सोडलंस ना? का रे? म्हटलं, आवडलं नाही.

खोटं. तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांवर मी हात उगारला. त्यांनी माझी वही सगळ्यांसमोर फेकली म्हणून. हात लागला नाही, उगारलाच फक्त. माफी मागितली असती तर मिटलं असतं. नाही मागितली. घरी येऊन आईला म्हणालो, सोडलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझी सायकल पुसून, चाकांत हवा भरून ठेवली, काही काम लागलं तर असावी म्हणून. ते अजून टोचतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज ती बरोबर आली होती. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. परवा मोटर जळाल्यामुळे दीड दिवस पाणी नव्हतं, आज आलं. आधी जरा गढूळ, मग साफ.

चौदा नंबरापाशी खोकं ओट्यावर ठेवलं, कोरीचं झाकण काढलं, आणि तिचा फोन वाजला. ती भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलायला लागली. "नाही... ऐक ना माझं... हो, संध्याकाळी बोलू ना." असा आवाज माझ्याशी कधी नाही! मला चष्मेवाला दिसला, खुर्चीसकट. डोक्यात सणक गेली आणि मी ओट्यालाच लाथ घातली. ओट्याला म्हणजे – लागली खोक्याला. कोरी आडवी. सगळं पाणी गल्लीत.

ती अजून भिंतीकडेच. काका मशीनवर. मी कोरी उचलली, काकांच्या नळाखाली धरली, भरली, झाकण लावलं, जागेवर ठेवली. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ.

पाणी ते पाणी. नुसतं फिरूनच तर यायचं तिला.

ती फोन संपवून आली तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं नाही. मला राग आला होता ना!

२३ फेब्रुवारी, सोमवार

चौदा नंबरचं पाणी जंतू वाढतात का बघायला ज्या डबीत ठेवलं होतं, तिच्यात निळे ठिपके. निळे म्हणजे मैल्यातले जंतू, पिण्याच्या पाण्यात एकही नको असतो. पंधरा-सोळात थोडे. आणि कोरीत – अगदी चौदाइतके.

तिचे गाईड सर आले. डब्या एकेक उचलून उजेडात बघितल्या, मग हाताने एकीकडे सारल्या. म्हणाले, "कोऱ्या बाटलीत जंतू निघाले म्हणजे ते नळात नाहीत, तुमच्या हाताळण्यात आहेत. हा दिवस बाद." पाणीखात्याला काही कळवायचं नाही, आपलंच हसं होईल. दोन महिने परत सगळे नमुने घ्या, मग बघू.

ती म्हणाली, माझीच चूक असेल सर.

तेव्हा कुठे मला सतरावी बाटली समजली! वीस दिवसांनी. सगळ्यांबरोबर फिरून ती कोरीच परत आली तर बाकीच्या सोळांवर विश्वास ठेवायचा. नाही आली तर सोळाही खोट्या. आणि मी तिला खोटी साक्ष द्यायला लावली.

सांगायला तोंड उघडलं, खरंच उघडलं. सर निघून गेले. ती बेसिनशी जाऊन हात धुवत राहिली, साबण लावून, परत लावून, परत. मी मागून म्हटलं, होतं असं कधीकधी.

होतं असं!!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या ती स्वतः लिहिते. तिच्या अक्षरातला 'चौदा' – च चं पोट गोल, जरा डावीकडे झुकलेलं. वापरून झालेली एक चिठ्ठी पाण्यातून सोडवली, वाळवली, या पानाच्या मागे चिकटवली. चोर तर मी आहेच, त्यात ही एक भर.

६ मार्च, शुक्रवार

दोन आठवड्यांत तीन फेऱ्यांचे निकाल आले. चौदा स्वच्छ, पंधरा स्वच्छ, सोळा स्वच्छ, कोरीही स्वच्छ. सर म्हणाले, बघा, हातच होता. मलाही सुटल्यासारखं झालं. असेल त्या दिवशीचंच काहीतरी. गेलं.

खरं सांगायचं तर – आणि इथे नाही सांगायचं तर कुठे – हे दिवस मला आवडतायत. ती आता प्रत्येक फेरीला बरोबर येते. माझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. स्वतःवरच राहिलेला नाही म्हणून. बाटल्या दोनदा मोजते, झाकणं तीनदा. आज टाकीच्या पायरीवर बसून चहा पिताना म्हणाली, "माझ्यामुळे तुला परत सगळं करावं लागतंय. सॉरी रे." चक्क माझ्याकडे बघून. वर म्हणाली, तू नसतास तर मी सोडूनच दिलं असतं. आणि मी काय म्हणालो? मोठ्या मनाने – असू द्या हो. घरी शीळ घालत आलो. आई म्हणाली, स्वारी खुशीत दिसते.

किती हलकट असावं माणसाने.

बोलता बोलता कळलं, त्या दिवशीचा फोन तिच्या दादाचा होता. रोज करतो. किती वर्षं शिकणार, पुरे आता, घरी ये. तिकडे तिच्यासाठी नोकरीही बघून ठेवलीय त्याने. आणि चष्मेवाल्याचं लग्न झालंय. दोन वर्षांची मुलगी आहे.

म्हणजे मी लाथ घातली ती तिच्या भावाला.

१३ मार्च, शुक्रवार

जेवताना बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं – नळाला एखाद्या दिवशी घाण पाणी आणि मग महिनाभर चांगलं, असं होतं का?

पाण्याबद्दल विचारलं की बाबा ताटाकडे बघत नाहीत. म्हणाले, लाइन भरलेली असली की पाणी बाहेर जोर लावतं. चीर असली तरी गळेल, आत काही येणार नाही. पण दीड-दोन दिवस रिकामी राहिली की तीच लाइन चोखायला लागते. शेजारून गटार जात असेल तर गटार चोखते. मग पाणी सोडलं की पहिला झोत ते सगळं घेऊन शेपटाला. एक-दोन दिवसांत धुऊन निघतं. गल्लीची लाइन तर गटाराला खेटूनच टाकलेली आहे. "तुझ्या मॅडमना सांग," म्हणाले, "तपासायचं तर बंदनंतरच्या सकाळी तपासा. बाकीचे दिवस नळ साळसूदच असतो."

बंदनंतरची सकाळ. वीस फेब्रुवारी!

म्हणजे चौदा नंबरचे ठिपके खरे होते. हाताचे नव्हते, बाटलीचे नव्हते. खरे.

आईने विचारलं, वाढू का आणखी. मी नको म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

आज जे केलं ते लिहायला लाज वाटते. म्हणूनच लिहितो.

ती उतारावरून येता येता अचानक थांबली. म्हणाली, त्या दिवशीचं चौदा नंबर खरं असेल का रे? तुझ्या बाबांना विचार ना, त्यांना माहीत असेल.

मी म्हटलं, विचारलं मी. ते म्हणाले असं काही होत नाही.

आधीच तयार असल्यासारखं बाहेर पडलं! कारण बाबांचं तिला सांगितलं असतं तर ती वीस तारखेवर परत गेली असती, वीस तारखेवरून कोरीवर, कोरीवरून माझ्यावर. ती "बरं" म्हणाली. चेहरा पडला. मला वाटलं दमली असेल.

वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला मी त्याच्याच कामात खोटं पाडलं. त्याला पत्ताही नाही.

२७ मार्च, शुक्रवार

गल्लीत शिरलो तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मशीनचा आवाज नव्हता. काकूंनी दार उघडलं. काका आडवे, डोळे पिवळे. कावीळ. पंधरा नंबरातली सून, सोळातले दोघे भाऊ – सगळे याच आठवड्यात झोपलेत.

मी नळाशी वाकलो. बाटली भरली. थेंब टाकताना नळीच सांडली. परत भरली.

ती काकूंना विचारत होती, कधीपासून, ताप किती, जेवण जातंय का. बाहेर आल्यावर म्हणाली, पाणी पोटात गेल्यावर कावीळ दिसायला महिना-सव्वा महिना जातो. बोटांच्या पेरांवर आठवडे मोजत होती. पाचव्या पेरावर थांबली. मी सायकल हातात धरून, ती खोकं धरून, दोघं चढ चढून टाकीपर्यंत गेलो. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

२९ मार्च, रविवार

एकटाच काकांकडे गेलो, थोडी फळं घेऊन. उशीला टेकून बसले होते. चेष्टा सुटलेली नाही. "या साहेब. तुमचे थेंब माझ्या डोळ्यांत पडले बघा. औषध पोचलं." काकू म्हणाल्या, पुरे आता.

डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, बाहेरचं पाणी प्यायलात का. काकांनी सांगितलं, मी मशीनवरून उठतो कधी बाहेर जायला? शाळा सुरू व्हायच्या आत पावणेदोनशे गणवेश द्यायचेत. काकू फळं धुवायला उठल्या, नळाशी गेल्या, आणि थांबल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"तू यायला लागलास आणि मी पाणी उकळायचं सोडलं रे. म्हटलं, एवढा मुलगा आठवड्यातून दोनदा येऊन तपासायला नेतो. काही असतं तर त्याने सांगितलं नसतं का."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

काका म्हणाले, अगं त्याचा काय दोष. मी उठलो. खिशात हात घातला तर त्यांनी घातलेली शिवण बोटाला लागली.

३१ मार्च, मंगळवार

नाही सांगितलं. कारणं : ती घाईत होती. चष्मेवाला होता. बर्फ वितळत होता.

लिहून काढल्यावर किती पोरकट दिसतात! खरं कारण एकच. सांगितलं की ती माझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत आहे. मग मंगळवार-शुक्रवार सकाळी सहाला मी कुठे जाऊ?

एका गल्लीचं पाणी एकीकडे, आणि दुसरीकडे हे. आणि मला अजून ठरवता येत नाही.

४ एप्रिल, शनिवार

पाणीखात्याची रिक्षा भोंगा लावून फिरली. टाकी धुवायची म्हणून मंगळवार-बुधवार पाणी बंद. गुरुवारी सकाळी सहाला नेहमीप्रमाणे येईल.

दोन दिवस रिकामी लाइन. गुरुवारी गल्ली पहिला झोत भरून ठेवणार – दोन दिवस पाणी नाही म्हटल्यावर मिळेल ते भांडं भरणार.

गेलो. दारं वाजवत सुटलो. गुरुवारचं पाणी पिऊ नका, उकळा, नाहीतर सोडून द्या. काकू म्हणाल्या, मी तर आता उकळतेच. दुसऱ्या दारात एक जण म्हणाला, तू कोण सांगणार? खात्याचा कागद आहे का? तिसऱ्या दारात बाई म्हणाल्या, गेल्या आठवड्यात तूच म्हणालास ना पाणी स्वच्छ आहे म्हणून? मग आज काय झालं?

चौथं दार वाजवलंच नाही.

७ एप्रिल, मंगळवार

पाणी बंद, म्हणून बाबा घरी. सांगितलं. लाथ, कोरी, बाद झालेला दिवस, काका. तिच्याशी बोललेलं खोटंही सांगितलं – तुमच्या नावावर.

व्हॉल्व्हची लांब चावी आमच्या दाराआड उभी असते. बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिकडे हात उगारलास. इकडे पाय." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. आई आत भांडी लावत होती, तिने भांडी लावणं थांबवलं.

मी म्हटलं, गुरुवारी गल्लीचा व्हॉल्व्ह उघडू नका ना. आधी लाइन धुऊन काढा, गटाराकडे उकरून बघा. बाबा म्हणाले, तोंडी चालत नाही. आज माझ्या मनाने मी बंद ठेवला तर परवा दुसरा कोणी त्याच्या मनाने उघडेल. कागद पाहिजे. त्या दिवशी काय निघालं, ते बाद का झालं, आणि बाद का व्हायला नको होतं – सगळं लिहिलेला, प्रयोगशाळेच्या सहीचा. उद्या पाचच्या आत खात्याच्या साहेबांच्या टेबलावर.

"आणि तो तूच आणून दे," म्हणाले. "मी नाही आणणार."

८ एप्रिल, बुधवार

सांगितलं.

नऊ वाजता, चष्मेवाला यायच्या आत. तिने हातमोजे घातलेले होते, डब्या धुवत होती. मी फरशीकडे बघत, पाठ केल्यासारखं बोललो. वीस फेब्रुवारी, चौदा नंबर, ओटा, लाथ. लाथ का मारली ते विचारेल असं वाटलं. नाही विचारलं. तेही मीच सांगितलं – तुमचा फोन आला होता, मला वाटलं की... पुढे जमलं नाही. ते तिच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. बाबांचं खरं म्हणणं सांगितलं. उद्याचा पहिला झोत सांगितला.

मग तिने विचारलं, "कोरी तू भरलीस?"

हो.

"नळाच्या पाण्याने. तू."

हो.

"म्हणजे सकाळी इथून निघताना नाही. तिथे, गल्लीत."

तिथेच. काकांच्या नळाखाली.

परत परत तेच! मला वाटलं, तिला माझ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायचंय, मी नीट मेलो पाहिजे म्हणून. तिने हातमोजे काढले. स्टूल शेजारी होतं तरी फरशीवरच बसली, कपाटाला टेकून, आणि ओंजळीत तोंड धरलं. खांदे हलत होते. मी उभा. नळ चालू राहिला होता, तो बंद केला. तेवढंच सुचलं.

मग म्हणालो, जाऊ मी? ती म्हणाली, घरी जा. मी लिहिते. चारला ये, सही करायला.

आवाजात राग नव्हता. मला हवा होता. राग आला की मला काय करायचं ते कळतं.

झालं. आता तिथे पाऊल टाकायचं ते फक्त सहीपुरतं. दुपारचे दोन वाजलेत. इस्त्रीचा शर्ट घालायला घेतला आणि परत ठेवून दिला.

९ एप्रिल, गुरुवार

गल्लीचा व्हॉल्व्ह आज उघडला नाही. सहाला टँकर आला. बाबा स्वतः उभे होते.

काल चारला गेलो तेव्हा ती सरांच्या खोलीत होती, दार लावून. कागद टेबलावर ठेवलेला. पहिला परिच्छेद माझा. 'लाथ' च्या जागी तिने 'धक्का' लिहिलंय. दुसरा परिच्छेद मला माहीत नव्हता –

"त्याच संध्याकाळी मी कोऱ्या बाटलीतील क्षार मोजले होते. शुद्ध पाण्यात ते जवळपास नसतात; येथे ते नळाच्या पाण्याइतके निघाले. त्या दिवशी माझे चित्त थाऱ्यावर नव्हते; सकाळी मीच शुद्ध पाण्याऐवजी नळाचे पाणी भरून नेले असे समजून, चूक उघडी पडेल या भीतीने, ही नोंद मी कोणासही दाखवली नाही. ती दाखवली असती तर ती बाटली मुळात कोरी नव्हतीच हे कळून चौदा क्रमांकाचा निकाल बाद झाला नसता व आपणांस तेव्हाच कळवता आले असते."

म्हणजे माझी लाज ती इतके दिवस अंगावर वागवत होती. स्वतःची समजून.

तिची सही झालेली होती. शेजारी जागा सोडलेली. तिच्या नावाशेजारी माझं नाव कसं दिसेल ते या वहीच्या मागच्या पानावर मी किती वेळा लिहून बघितलंय. काल लिहिलं, आणि कागद पाचच्या आत नेऊन दिला.